नालबंद

नॉर्फोकमधल्या ब्रॅक्सहॅमच्या चर्चमध्ये
उत्तरेच्या भिंतीला मी सात आठवडे चिकटून आहे.
एका हातात स्कॅल्पेल, दुसऱ्यात काडीला गुंडाळलेला कापूस,
पायांत दोन जोड मोजे.
म्हणायला मे महिना, आणि तोंडातून वाफ.

चुन्याचे नऊ थर.
नखाएवढा भाग सोलायला एक सकाळ जाते.
त्याखाली संत एलॉय : आधी लोहार, मग सोनार, मग बिशप,
आणि मेल्यावर घोड्यांचा वाली.

गोष्ट मिसेस थ्रोअरनी सांगितली, थर्मासातला चहा ओतता ओतता,
शेजारच्या घरातली सांगावी तशी :
घोडा नाल ठोकू देईना, लाथा झाडी.
एलॉयनं काय करावं, तर पायच उपटला खांद्यापासून,
ऐरणीवर ठेवून निवांत नाल ठोकत बसला,
आणि झाल्यावर पाय लावून दिला जागच्या जागी.
"रक्ताचा थेंब नाही," त्या म्हणाल्या,
"आणि माझ्या गुडघ्याला अठरा महिन्यांची वेटिंग लिस्ट."

ओल्या गिलाव्यावर रंगवायचं
तर दिवसात संपेल तेवढाच गिलावा चढवायचा.
एकदा वाळला की तो रंग आत घेत नाही.
म्हणून या भिंतीत दिवस दिसतात, सांध्यांसकट.
बोट फिरवलं की कळतं : इथे ऊन लवकर गेलं,
हा एक लांबलचक दिवस, अख्खा घोडा,
आणि ऐरणीमागचं आभाळ उरकलेलं.
बहुधा पैसे थकले होते.

चेहरा साफ करायला थुंकीसारखं दुसरं काही नाही,
एड्रियननं पहिल्याच दिवशी सांगितलं.
काडी तोंडात घालायला मी दोन दिवस घेतले.
फलटणला आई नैवेद्याच्या पातेल्यातलं मीठसुद्धा
चाखून बघू द्यायची नाही.
आता माझ्या उष्ट्यानं एलॉयच्या गालांवर लाली येते
पाचशे वर्षांनी,
आणि त्याची काही तक्रार दिसत नाही.

चर्चच्या हिशोबाच्या वहीत एक नाव दोनदा आहे.
पंधराशे चोवीस : राल्फ डॅकेट, भिंत रंगवण्याबद्दल, चार पौंड.
मग राजा मेला, पोर गादीवर आलं,
देवाला चित्रं नकोशी झाली.
पंधराशे अठ्ठेचाळीस : राल्फ डॅकेट, तीच भिंत पांढरी करण्याबद्दल,
चुना धरून, सहा शिलिंग.

वाचून एड्रियन हसला. मीही हसले.
थंडीचं जळण भरायचं असेल, घरात खाणारी तोंडं असतील.
आपण नसता घेतला कुंचा हातात?

काल दुपारी
लगाम धरून उभ्या पोरापाशी आले.
संत नव्हे, देवदूत नव्हे, साधा मोतद्दार,
पुढचे दोन दात पडलेले.
सगळं चित्र घोड्याच्या पायाकडे बघतंय,
हा एकटा आपल्याकडे.
पातं नुसतं टेकवलं,
तर चुना अलगद सुटून तळहातावर आला,
नऊच्या नऊ थर,
भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा.
खाली मेणाचा एक पातळ हात.
तेवढ्याच चेहऱ्यावर. बाकी भिंतीवर कुठेही नाही.

अहवालात लिहायचं ते लिहिलं :
मेणसदृश अवशेष, कारण अज्ञात.
मिसेस थ्रोअरनी चष्मा पुसून पाहिलं,
"हा तर आमच्या बेकरीतला पोरगा," म्हणाल्या,
आणि कुत्र्याला घेऊन घरी गेल्या.

मी दिवा बंद केला. परत लावला.
चेहऱ्याभोवतीचा सांधा बोटानं चाचपत गेले,
कानामागून, हनुवटीखालून, पुन्हा कानापाशी.
एवढ्याशा तोंडाला त्यानं
एक अख्खा दिवस दिला होता.